वाट पाहण्याच्या आधी

"मुलगे उशिराच बोलतात." "याचा बाप तर चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता कोर्टात वकिली करतो." "घरात बोलायला कोणी नाही, शाळेत घातला की बोलेल." दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आई जरा काळजीत दिसली की घरातून, शेजारून, कधी कधी दवाखान्यातूनही ही वाक्यं ऐकू येतात. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पुष्कळदा त्यांचं म्हणणं खरंही ठरतं, म्हणून तर ही वाक्यं टिकून राहिली आहेत. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीच मुलं पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. प्रश्न उरलेल्या मुलांचा आहे. त्यांच्या बाबतीत 'थांबून बघू' म्हणता म्हणता दोन-तीन वर्षं निघून जातात, आणि मेंदूची जडणघडण सर्वांत वेगानं होण्याची वर्षं नेमकी तीच असतात.

मुलांच्या विकासातल्या अडचणी आणि त्यांचे मानसिक विकार यांची ओळख करून देणारं हे पुस्तक याच वाया जाणाऱ्या काळाबद्दल आहे. शंका येते ती बहुधा आईला, आजीला किंवा बालवाडीच्या बाईंना. निदान करतो तज्ज्ञ. उपचार मात्र पुन्हा घरात आणि वर्गातच करायचे असतात, कारण तज्ज्ञाच्या वाट्याला मूल आठवड्यातून फार तर दोन-तीन तास येतं. म्हणून तज्ज्ञांकडचं ज्ञान घरापर्यंत आणि वर्गापर्यंत पोचवण्याला इथे इतकं महत्त्व आहे.

ही मुलं थोडीथोडकी नाहीत. भारतात पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची घरोघर जाऊन तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. हिमाचलातलं कांगडा, हरियाणातलं पलवल, ओडिशातलं धेनकनाल, हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा ही ती ठिकाणं. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, श्रवणदोष, दृष्टिदोष अशांपैकी किमान एक अडचण असलेल्या मुलांचं प्रमाण सहा वर्षांखालच्या वयोगटात ठिकाणानुसार २.९ ते १८.७ टक्के भरलं. घरी झालेलं बाळंतपण, जन्मताना गुदमरणं, कमी वजन, नवजात वयातलं आजारपण, मेंदूचा संसर्ग, खुरटलेली वाढ यांच्याशी या अडचणींचा संबंध दिसला. यातल्या बऱ्याच गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत तो नेटानं चालवला. काचपेटीतून सुखरूप घरी गेलेल्या बाळाची गोष्ट तिथे संपत नाही, हे या कामातून दिसलं. यातली अनेक मुलं चारचौघांसारखी वाढली. पण गट म्हणून पाहता त्यांची बौद्धिक चाचणीतली सरासरी इतर मुलांपेक्षा कमी राहिली, आणि सर्वांत मागे राहिली ती दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि दिवसांच्या मानानंही वजन कमी असलेली मुलं. अशा बाळाची विकास-तपासणी ठरल्या तारखांना व्हायलाच हवी, मग ते वरून कितीही गुटगुटीत दिसत असो.

चांदोबा दाखवत भरवण्याची रीत मराठी घरांतून अजून गेलेली नाही. आई बोट करते, बाळ बोटाच्या रोखानं वर पाहतं आणि चांदोबा दिसला की पुन्हा आईच्या तोंडाकडे पाहतं. तिलाही दिसला ना, याची जणू खात्री करून घेतं. काही दिवसांनी बाळच बोट करू लागतं. या दोन-तीन सेकंदांत दोन माणसांचं लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र आलेलं असतं आणि पुढची सगळी भाषा या पायावर उभी राहते. वर्षाच्या आसपास हे यायला लागतं, दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलांत पक्कं होतं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांत ते उशिरा येतं किंवा येतच नाही. बिस्किटांचा डबा हवा असेल तर असं मूल बोट दाखवत नाही. ते मोठ्या माणसाचं मनगट धरून त्याचा हात डब्यापर्यंत नेतं, आणि तेही चेहऱ्याकडे न बघता.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट या वीस प्रश्नांच्या यादीत पहिलाच प्रश्न याबद्दलचा आहे : खोलीतल्या दूरच्या वस्तूकडे बोट दाखवलं तर मूल तिकडे बघतं का? अशा यादीत मूल अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही. पुढची तपासणी हवी, इतकाच त्याचा अर्थ. पण वर्षाचं होऊनही बडबड नाही, हातवारे नाहीत. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचं होऊनही 'आई ये', 'दूध दे' असे स्वतःचे दोन शब्द जोडता येत नाहीत. किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गेले. यांपैकी काहीही दिसलं, तर थांबून बघण्यात अर्थ नाही. हाक मारली तर वळत नाही, पण शेजारच्या खोलीत जाहिरातीची धून वाजली की धावत येतं, असं आईवडील सांगतात. त्यावरून ऐकू येतं असं घरच्या घरी ठरवून टाकू नये. काही आवाज ऐकू येणं आणि बोलणं समजण्याइतकं नीट ऐकू येणं यांत फरक असतो, आणि तो तपासणीतच कळतो.

ऑटिझमचा विषय मुळात उभा राहिला तोच पालकांच्या निरीक्षणावर. १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावच्या एका वकिलानं आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी ३३ टंकलिखित पानांचं टिपण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर यांना पाठवलं. मूल एकटं असलं की सर्वांत खूश असतं, ऐकलेली गाणी अचूक गुणगुणतं, धर्मशिक्षणातली २५ प्रश्नोत्तरं त्याला तोंडपाठ आहेत, जे हाताला लागेल ते भिंगरीसारखं फिरवतं आणि त्यात कोणी व्यत्यय आणला की आकांत करतं, असं सगळं त्यात बारकाईनं लिहिलेलं होतं. कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात अकरा मुलांची वर्णनं दिली. आठ मुलगे, तीन मुली. त्यांतला पहिला हाच मुलगा, डोनल्ड ट्रिप्लेट. लहानपणी त्याला संस्थेत ठेवलं होतं. आईवडिलांनी परत आणलं. पुढे तो गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी वारला. त्याचा ऑटिझम गेला नव्हता. गावानं त्याला ऑटिझमसकट सामावून घेतलं होतं.

पण ज्या पालकांच्या टिपणांवर निदान उभं राहिलं, त्यांच्याच माथी पुढे खापर फुटलं. आईवडिलांच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा विचार कॅनर यांच्याच लेखनातून डोकावत होता. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकानं तो घरोघर पोचवला. एका पिढीच्या आयांना मुलाच्या अडचणीबरोबर हा आरोपही वाहावा लागला. त्याला पहिलं जोरकस उत्तर १९६४ सालीच आलं होतं, तेही बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाकडून, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, भिन्न बीजांच्या दहा जोड्यांत एकाही जोडीत नाही. जोड्या थोड्या होत्या, तरी आनुवंशिकतेचा मोठा वाटा त्यानंतर नाकारता येईना.

आपल्याकडे आरोपाची भाषा वेगळी, रोख तोच. ग्रहण पाळलं नाही, सातव्या महिन्यापर्यंत नोकरी केली, मुलाला मोबाइल दिला. मोबाइलमुळे मुलाशी बोलण्या-खेळण्याचे तास कमी होतात आणि भाषेचं नुकसान होतं, म्हणून तो बाजूला ठेवावाच. पण ऑटिझमचं कारण तिथे शोधणं चुकीचं. लसीची अफवाही अशीच. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या बारा मुलांवरच्या लेखातून ती सुरू झाली. 'द लॅन्सेट'नं २०१० साली तो लेख मागे घेतला, आणि २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध नसल्याचं पुन्हा दाखवण्यात आलं. व्हॉट्सअॅपवर ती अफवा अजून फिरते आहे.

शाळेत गेल्यावर अडचणींची दुसरी फळी दिसू लागते. इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, खेळात पुढे, पण वाचता येईना. स्वतःचं नावसुद्धा अक्षरांची उलटापालट करून 'प्रेसी' असं लिहायचा. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. आज या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. मराठीत ती आपल्या वळणानं दिसते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची, उच्चारायची मात्र नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, ऐकू येतो त्याच्या आधी. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक एका गाठीचा. डोळ्यांना दिसणारा क्रम आणि कानांना ऐकू येणारा क्रम जुळवताना बहुतेक मुलं वर्ष-दीड वर्ष अडखळतात आणि मग सुटतात. काही मुलं चौथीतही तिथेच असतात. वहीवर लाल रेघा, 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा आणि घरी मार, इतकाच उपचार त्यांच्या वाट्याला येतो.

महाराष्ट्रानं या बाबतीत देशात पहिलं पाऊल टाकलं. १९९६ साली राज्य शासनानं अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षांत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा अशा त्या सवलती. २००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघर पोचला. त्याचा तोटा एवढाच झाला की सवलतीचं प्रमाणपत्र म्हणजेच उपचार, अशी काही पालकांची समजूत झाली. दहावीच्या वर्षात प्रमाणपत्रासाठी रांगेत उभं राहण्यापेक्षा दुसरी-तिसरीत ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पद्धतशीर घालून देणारं उपचारात्मक शिक्षण सुरू होणं कितीतरी मोलाचं. डिस्लेक्सियावर गोळी नाही. शिकवणं हाच त्यावरचा उपचार.

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराचं, तसं नाही. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या अडचणी असलेल्या तीस मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं आणि चौदा मुलांची शाळेतली कामगिरी ठळकपणे सुधारली. चंचल मुलाला उत्तेजक देऊन ते स्थिरावतं, हे आजही पालकांच्या गळी उतरवायला वेळ लागतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या चौदा महिन्यांच्या अभ्यासात काळजीपूर्वक दिलेल्या औषधांनी मुख्य लक्षणं सर्वांत चांगली आटोक्यात आली. औषधांना पालक-शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जोड दिली तेव्हा कमी मात्रेत काम भागलं. सहा वर्षांखालच्या मुलांत मात्र आधी पालकांना प्रशिक्षण आणि मगच, गरज पडली तर, औषध असा क्रम असतो. आणि एडीएचडी म्हणजे नेहमी बाकावरून उड्या मारणारा मुलगाच असं नाही. खिडकीबाहेर बघत बसणारी, डबा शाळेत विसरून येणारी, कोणालाही त्रास न देणारी मुलगी वर्षानुवर्षं नजरेतून सुटते.

मनाच्या आजारांत तर मूल स्वतःच लपतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'मला चिंता वाटते' असं म्हणता येत नाही. त्याच्या पोटात दुखतं. सोमवारी सकाळी दुखतं, रविवारी नाही, मे महिन्यात तर अजिबात नाही. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, तरी दुखणं जात नाही. शाळेत जायची धास्ती, आईपासून दूर होण्याची भीती, वर्गात कोणी तरी देत असलेला त्रास, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. किशोरवयातलं नैराश्यही रडण्यापेक्षा चिडचिडीतून, घसरलेल्या गुणांतून, मित्र तुटण्यातून दिसतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. मूल मरणाचं बोलत असेल तर विषय बदलू नये, सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट विचारल्यावर मूल मोकळं होतं. अशा वेळी मुलाला एकटं ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

नैराश्यावर उपचार आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ४३९ किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन आणि वर्तन-विचार उपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांत सुधारणा दिसली, नुसत्या औषधानं ६१ टक्के, आणि औषधाचा भास देणाऱ्या गोळीनं ३५ टक्के. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनानं अशा औषधांच्या वेष्टनावर मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापायला लावला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. औषध उपयोगी आहे आणि पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

उपचाराचं दुसरं टोक गोव्यात पाहायला मिळतं. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगथ' संस्थेनं गोव्यात, आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत, ऑटिझम असलेल्या २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांची टंचाई म्हणून प्रशिक्षण दिलं ते पदवीपर्यंत शिकलेल्या साध्या कार्यकर्त्यांना. कार्यकर्ती घरी येते. आई मुलाशी खेळत असताना काही मिनिटांचं चित्रीकरण करते आणि मग दोघी ते पुन्हा बघतात. मूल गाडीचं चाक फिरवतंय आणि आई समोर चित्रं धरून 'हा कोण? सांग, हा कोण?' असं विचारतेय. चित्रफीत थांबते. मूल कुठे बघतंय? चाकाकडे. मग पुढच्या वेळी आई चित्रं बाजूला ठेवते, चाकाशी जाऊन बसते, 'गोल गोल' म्हणते आणि थांबते. अशा साधारण बारा बैठका. आईचा मुलाशी जुळणारा प्रतिसाद स्पष्ट वाढला आणि मुलं आपण होऊन संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून लक्ष देण्याचा वेळ उलट कमी भरला. संशोधकांनी तेही मांडलं.

चमत्काराचा बाजार मात्र असं काही मांडत नाही. मेंदूचं टॉनिक, शरीरातून धातू काढणारी औषधं, दाबाखालचा प्राणवायू, मूलपेशींची इंजेक्शनं यांवर घरं गहाण पडली आहेत. ऑटिझमसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळानं २०२२ साली स्पष्ट केलं. 'पूर्ण बरा करतो' असं म्हणणाऱ्याचा दरवाजा टाळावा.

मुंबईला या कामाचा जुना वारसा आहे. देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली इथेच, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या शाळेनं सुरू केलं. १९४४ साली वकील आडनावाच्या दांपत्यानं आपल्या मुलीच्या गरजेतून घरात वर्ग भरवला, त्यातून जय वकील शाळा झाली. पुण्यात सिंधुताई जोशींची 'कामायनी' ही शाळा १९६४ची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करून पुढची गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणं, अशी त्याची रचना. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अक्षमतांची यादी सातवरून एकवीसवर नेली आणि ऑटिझम व अध्ययन अक्षमता त्यात आल्या. कागदावरची ही साखळी पुष्कळदा मधल्या कड्यात तुटते. अंगणवाडी सेविकेनं नाव लिहून दिलं, पण जिल्ह्याच्या गावी जायचं तर एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीचं भाडं कोणी द्यायचं, हे त्या फॉर्मवर नसतं. म्हणून पुस्तकात दर प्रकरणाअखेर घरी आणि शाळेत, तपासणीची वाट न बघता, काय सुरू करता येईल ते दिलं आहे.

पहिल्या भेटीला जाताना जन्माच्या वेळची फाइल, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या दोन-तीन वह्या आणि मोबाइलवर टिपलेलं मुलाचं रोजचं खेळणं-जेवणं सोबत असावं. दवाखान्यात परक्या खोलीत मूल जे दाखवत नाही, ते त्या चित्रफितीत दिसतं. कोणते शब्द कधी आले, कोणते गेले, फिट आली होती का, याच्या तारखा लिहून न्याव्यात. आणि बोलण्याबद्दलची कोणतीही शंका असेल तर स्पीच थेरपी लावण्याआधी कानांची रीतसर तपासणी करून घ्यावी. पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्याच तपासणीचं आहे.